शिक्का आणि ओवी

आसनगावी गाडीतून उतरले की माहुली किल्ल्याचे सुळके नजरेत भरतात. पावसाळ्यात तिकडे जाणाऱ्या तरुणांना गडाची वाट ठाऊक असते. १६३६ साली त्या गडावर काय घडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. निजामशाही मोडकळीस आली तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालविला. तलवार शहाजीराजांची, मुलूख राखण्याचे कष्टही त्यांचेच. शिक्का मात्र त्या बालकाचा. मोगल आणि आदिलशाही फौजांनी माहुलीस वेढा घातला, तो मुलगा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला आणि निजामशाही संपली. मनगटात बळ असले तरी सत्तेला मान्यता लागते, आणि ती उसनी असली तर एका दिवसात हिरावली जाते, हे माहुलीने दाखविले.

शहाजीराजांच्या पुत्राने उसनी मान्यता पत्करली नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर गागाभट्टांच्या हस्ते वैदिक विधीने राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावींकडून तांत्रिक विधीने दुसरा झाला. धर्माची मोहोर राज्याला किती मोलाची वाटत होती, हे या दोन समारंभांवरून कळते. परंतु १६६६ साली महाराज आग्र्यास कैदेत असताना इकडे राज्य मोडले नाही, हेही ध्यानी घ्यावे. अभिषेकापूर्वी आठ वर्षे रयतेने त्यांना मनोमन राजा मानले होते. विधीने त्या मान्यतेला रूप दिले. ती निर्माण केली रयतेच्या विश्वासाने.

हा इतिहास आम्ही येथे सांगतो तो आमच्याच घरातील एका ग्रंथाकडे वळण्यासाठी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ होते. विशेषतः त्यातील मराठी भाषेचा गौरव व्यासपीठावरून वारंवार ऐकविला जातो. पण स्तुती म्हणजे वाचन नव्हे. सत्ता, धर्म आणि श्रद्धा यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न मनात धरून हे पुराण वाचले तर ते अधिक अस्वस्थ करते आणि म्हणूनच अधिक मोठे वाटते.

प्रथम कवीची स्थिती पाहावी. स्टीफन्स इंग्लंडात जन्मले. तेथे एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सा हा गुन्हा होता. अशा देशातून निघालेला हा येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला तेव्हा चित्र नेमके उलटे होते. येथे त्याचाच धर्म राज्यकर्त्यांचा धर्म होता. देवळे पाडली गेली होती, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायपीठ, काम करीत होते. मायदेशात आपल्या श्रद्धेवर जे दडपण आले, तेच येथे आपल्या श्रद्धेच्या नावाने दुसऱ्यांवर येत आहे, हे या संवेदनशील माणसाला जाणवले नसेल काय? पुराणात त्याचे सरळ उत्तर नाही. ग्रंथ वरिष्ठांच्या आणि त्याच न्यायपीठाच्या परवानगीने छापला गेला, हेही विसरता येत नाही.

तथापि ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती गावकऱ्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांस का देत नाही? या विनंतीतून पुराणाचा जन्म होतो. आमच्या मते संपूर्ण काव्यातील हे सर्वांत प्रामाणिक स्थळ होय. बंदीची गोष्ट कवीने लपविली नाही, आणि ती एका गावकऱ्याच्या तोंडून येऊ दिली. सत्तेने एक पोकळी निर्माण केली. ती फर्मानाने भरणार नाही, हे कवीने ओळखले. म्हणून त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला, आणि कथा सांगावयास प्रारंभ केला. ज्याला ऐकविणाऱ्याची भाषा आधी स्वतः शिकावी लागते, त्याला हुकूम सोडता येत नाही; आर्जव करावे लागते.

तरीही समीक्षकाने एक उणीव नोंदविली पाहिजे. गावकऱ्याच्या त्या प्रश्नातील वेदनेजवळ कवी फार वेळ थांबत नाही. जुन्या पुराणांनी त्या माणसाला काय दिले होते, हे तो विचारीत नाही. ही मर्यादा काळाची म्हणून सोडून देता येईल; पण आपण आज तीच री ओढणे योग्य नव्हे.

दुसऱ्या पुराणात प्रभूच्या दुःखसहनाची कथा येते. प्रायश्चित्तकाळात हा भाग घरी मोठ्याने वाचून पाहावा. पिलाताजवळ रोमची सत्ता आहे, कयफाजवळ मंदिराचा अधिकार आहे. दोन्ही शिक्के एकत्र आले आणि एका निरपराध माणसाला क्रुसावर चढविण्यात आले. ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याचे राज्य मात्र टिकले. गोव्याच्या राजसत्तेच्या छायेत राहून ही कथा मराठीत सांगणाऱ्या कवीने नकळत त्या सत्तेसमोरही आरसा धरला, असे आम्हांस वाटते.

पुढे काय झाले? १६८३ साली संभाजीराजांच्या स्वारीने गोव्याची सत्ता हादरली. दुसऱ्याच वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. भ्यालेली सत्ता लोकांच्या जिभेवर हात टाकते. ते फर्मान आज इतिहासाच्या पुस्तकांत आहे, बोली मात्र गोव्याच्या घराघरांत आहे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी श्रद्धावंतांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींनी ते जपले, आणि १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले. शिक्क्याने काढलेले फर्मान विरले. विश्वासाने उतरवलेली ओवी उरली.

ख्रिस्तसभेलाही हे उमगण्यास वेळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजोरी नसावी, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली घडलेल्या अन्यायांबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. क्षमा मागितल्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही. तिच्या शब्दाला वजन आले.

आपण या मातीत संख्येने अल्प आहोत. आपल्या पाठीशी राजसत्ता नाही, याची खंत अनेकांना वाटते. आम्हांस ती वाटत नाही. भारतीय संविधानाने प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे; त्यापलीकडे मागण्यासारखे काही नाही. उलट, सत्ता आणि धर्म पुन्हा हातात हात घालून चालू लागले, मग तो धर्म कोणताही असो, तर त्यांना सावध करण्याचा अधिकार त्यांनाच आहे, ज्यांनी स्वतःच्या घरातील असा इतिहास न लपविता वाचला आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आपल्याला कोणी आपले म्हणेल ते आपण कोणता शिक्का दाखवितो यावरून नव्हे. आपण त्यांची भाषा किती मनापासून बोलतो, त्यांच्या आजारपणात उशाशी बसतो की नाही, आणि त्यांचा प्रश्न पुरता ऐकून घेतो की नाही, यावरून ते ठरेल. स्टीफन्स त्या गावकऱ्याजवळ जेवढा थांबला, त्याहून थोडे अधिक आपण थांबावे.