कॉर्नेलियस नेमका कोणता? म्युन्त्सरचं पुस्तक वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक्सेलमध्ये एक तक्ता केला होता. त्यात 'घराणं' आणि 'गट' असे दोन रकाने शेजारीशेजारी होते. पहिला भरला की दुसरा आपोआप भरायचा. कॉर्नेलियस दिसला की टाक कॉर्नेलियस गटात! गाइड मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "सुल्ला आणि सिन्ना एकाच गटात? मग सुल्लाला रोमचा शत्रू कोणी ठरवलं?" उत्तर होतं, सिन्नाच्या राजवटीनं. दोघंही लुसियस कॉर्नेलियस. आडनावच काय, पहिलं नावसुद्धा एकच.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, तिला मोठी परंपरा आहे. म्हणून आज फ्रीडरिख म्युन्त्सर यांच्या १९२०च्या जर्मन पुस्तकाबद्दल लिहितोय. विषय आहे रोमन उमरावांची घराणी आणि त्यांचे राजकीय गट. इंग्रजी अनुवाद १९९९ साली आला.

आधी नावांची भानगड समजून घेऊ. पुब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ या नावात पुब्लियस हे व्यक्तीचं नाव, कॉर्नेलियस कुळाचं आणि स्किपिओ शाखेचं. व्यक्तिनावं वापरात होती जेमतेम दीड डझन, आणि बापाचं नाव मुलाला द्यायची पद्धत. बायकांना सहसा कुळाचंच नाव. हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओच्या दोन्ही मुली कॉर्नेलियाच. त्यामुळे जुन्या ग्रंथात नुसतं 'कॉर्नेलियस' आलं, तर तो कोणता हे ठरवणं हेच एक संशोधन होतं. पाउली-विसोवा या अवाढव्य जर्मन कोशात प्रजासत्ताक काळातल्या असंख्य व्यक्तींच्या नोंदी म्युन्त्सरनी लिहिल्या. त्या कोशात हॅनिबलला हरवणारा स्किपिओ म्हणजे कॉर्नेलियस क्रमांक ३३६ आणि सुल्ला क्रमांक ३९२. हे क्रमांक आम्ही आजही वापरतो. या कामाबद्दल आदरच आहे.

आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: बड्या घराण्यांना पदं हवी होती, त्यासाठी ती लग्नं आणि दत्तकविधानं यांतून युत्या करायची, आणि कोण कोणाबरोबर, कोणामागोमाग कॉन्सल झालं याच्या याद्या नीट वाचल्या की त्या युत्या उघड होतात. मोहात पाडणारी कल्पना आहे ही. जिथे ग्रंथ गप्प, तिथे यादी बोलते! रोनाल्ड साइम यांनी १९३९च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात म्युन्त्सरचं ऋण मान्य केलं. १९५१मध्ये स्कलार्ड यांनी इ.स.पू. २२० ते १५० या काळाचं राजकारण अशाच घराणेवार गटांतून मांडलं.

आता ही पद्धत भरपूर पुरावा असलेल्या प्रसंगावर लावून बघा. इ.स.पू. १३३मध्ये टायबेरियस ग्राकसला मारणाऱ्या जमावाचं नेतृत्व केलं स्किपिओ नासिकानं. टायबेरियसची आई कॉर्नेलिया आणि नासिकाची आई कॉर्नेलिया या सख्ख्या बहिणी, म्हणजे हे दोघे सख्खे मावसभाऊ. टायबेरियसच्या बहिणीचा नवरा स्किपिओ एमिलियानस, यानंही मेहुण्याची बाजू घेतली नाही. लग्न आहे, रक्त आहे, दत्तकही आहे. फक्त गट नाही.

म्युन्त्सरवर अन्याय नको. सगळे कॉर्नेलियस एक, असं ते कुठेही म्हणत नाहीत; शाखा न् शाखा वेगळी करतात. खरी अडचण तर्कात आहे. लग्न झालं म्हणून युती होती, आणि युती होती म्हणून लग्न झालं, असं ते वर्तुळ फिरतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकासाठी पुरावा तुटपुंजा, त्यामुळे कोणी खोडून काढू शकत नाही. सिसेरोच्या काळात पत्रं, भाषणं ढिगानं आहेत आणि नेमकी तिथेच ही मांडणी डळमळते. जी पद्धत फक्त अंधारात चालते, तिच्याबद्दल शंका घ्यायलाच हवी. क्रिस्टियान मायर (१९६६) आणि ब्रंट (१९८८) यांनी टिकाऊ घराणेवार गटांच्या कल्पनेवर सविस्तर हल्ला केला, तो म्हणूनच वाचावा.

मग आडनावाला अर्थच नव्हता का? होता, पण वेगळा. इ.स.पू. ६३मध्ये कॅटिलिनाच्या कटातला लेंटुलस सुरा सांगत सुटला होता की भविष्यवाणीप्रमाणे तीन कॉर्नेलियस रोमवर राज्य करणार: सिन्ना झाला, सुल्ला झाला, तिसरा मी. एकमेकांचे वैरी असलेले दोघे त्यानं एका माळेत ओवले! इथे आडनाव हा नात्याचा पुरावा नाही, प्रचाराचं साधन आहे. सुल्लानं दहा हजारांहून जास्त गुलाम मुक्त करून त्यांना कॉर्नेलियस हे नाव दिलं, असं अपियन सांगतो. त्यांच्यासाठी ते नाव म्हणजे नागरिकत्व होतं आणि मालकाचा शिक्काही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? व्यक्ती ओळखण्याची म्युन्त्सरची चिकाटी जरूर घ्या. पण 'नातं' आणि 'कृती' हे रकाने वेगळे ठेवा, आणि मध्ये तिसरा रकाना घाला: 'हे कशावरून?' माझ्या तक्त्यात तो घातल्यावर 'गट' रकान्यातल्या निम्म्याहून जास्त नोंदी पुसाव्या लागल्या. वाईट वाटलं, पण प्रबंध वाचला.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. म्युन्त्सरचा जन्म ज्यू कुटुंबातला. नाझींनी त्यांना थेरेझियनश्टाटच्या छावणीत पाठवलं. १९४२ साली तिथेच ते वारले. माणूस कोण आहे हे त्याच्या जन्मावरून ठरवणाऱ्या राजवटीनं त्यांचा जीव घेतला. त्यांच्या पुस्तकाचा आणि त्या राजवटीचा काडीचाही संबंध नाही. तरी जन्माच्या रकान्यावरून दुसरा रकाना भरताना माझा हात आता थांबतो.