गिल्बर्ट व्हाइटचें कासव

घरच्या प्राण्यांचें कौतुक हा वाङ्मयाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न पुष्कळ विद्वानांस पडतो. प्रश्न रास्त आहे. अशा बहुतेक लेखांत मांजर किंवा पोपट नांवापुरताच असतो. लेखक आपल्याच कोमल मनाचें प्रदर्शन मांडून बसलेला असतो. परंतु या आक्षेपाला उत्तर नाहीं असें मात्र नाहीं. गिल्बर्ट व्हाइट याच्या १७८९ सालच्या सेल्बोर्नविषयक ग्रंथांत तें आम्हांस सांपडतें.

व्हाइट हा इंग्लंडांतील एका खेड्यांत राहणारा धर्मोपदेशक. पेनंट व बॅरिंग्टन या दोघां विद्वानांस लिहिलेल्या पत्रांतून त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या आत्याबाईंकडे टिमोथी नांवाचें एक कासव असे. १७८० सालीं त्या निवर्तल्या. तेव्हां हिवाळी झोपेंत असलेलें तें कासव उकरून, मातीसह पेटींत घालून, व्हाइटनें ऐंशीं मैलांवरील आपल्या घरीं आणलें.

आरंभीं त्याचें मत अनुदारच होतें. दोन-तृतीयांशांहून अधिक आयुष्य झोपेंत दवडणाऱ्या जीवाला ईश्वरानें एवढें दीर्घायुष्य कां द्यावें, असें तो विचारतो. पण पाहणें त्यानें सोडलें नाहीं. ज्या पाठीवरून भरलेली गाडी गेली तरी चालेल, ती पाठ घेऊन हें कासव पावसाच्या थेंबांना भितें, हें त्यानें टिपलें. शरदांतील मंद उन्हांत तें भिंतीपाशीं जाऊन आपलें कवच तिरकें टेकवितें, म्हणजे किरणांची ऊब अधिक मिळते, हेंही टिपलें. अखेर या प्राण्याला क्षुद्र म्हणण्याच्या संवयीमुळेंच आपण त्याच्या बुद्धीची किंमत कमी करतों, असें तो लिहितो. पूर्वग्रह निरीक्षणापुढें मागें सरला आहे. आमच्या मतें ग्रंथाचें खरें सौंदर्य येथें आहे.

१७८४ सालीं मात्र त्यानें एका तरुणीस टिमोथीच्या नांवानें विनोदी पत्र लिहिलें. पत्र मोठें गोड आहे. परंतु त्यांत ऐकूं येतो तो व्हाइट, कासव नव्हे. व्हर्लिन क्लिंकनबोर्ग यानें २००६ सालीं त्याच कासवाच्या मुखानें एक संबंध पुस्तक लिहिलें. प्रयत्न बुद्धिमान् आहे. तरीही आम्हांस व्हाइटच्या त्रयस्थ नोंदीच अधिक जिवंत वाटतात. कासवाला वाणी दिली कीं त्याचें मौन हरपतें, आणि आपलें कुतूहल तर त्या मौनावरच पोसलेलें असतें.

व्हाइट १७९३ सालीं वारला. कासव पुढील वर्षीं गेलें. त्याचें कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्यें आहे, आणि ज्याला सर्वांनीं जन्मभर पुरुष समजून हांक मारली तें मादी होतें, असें पुढें तपासणींत ठरलें. आमची मराठी भाषा कासवाला नपुंसकलिंगीं ठेवून या पेचांतून सहज सुटली असती! परंतु तात्पर्य गंभीर आहे. इतक्या जवळून पाहणाऱ्यालाही प्राण्यानें आपलें सर्व कांहीं सांगितलें नव्हतें.

आपल्याकडे पंचतंत्रापासून प्राणी नीति शिकवीत आले. तें काम थोर खरेंच. पण त्यांत प्राण्याला स्वतःचें आयुष्य उरत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) मध्यें वानरांच्या टोळींतील झगडा येतो, तेव्हां मराठी लेखकही प्राण्याला त्याच्याच रानांत ठेवून पाहूं शकतो, अशी खात्री पटते.

व्हाइटनें १७६८ पासून सृष्टिनिरीक्षणाची रोजनिशी ठेवली होती. ज्या घरांत मांजर, चिमण्यांचें घरटें किंवा साधी पालही आहे, तेथील मुलांच्या हातीं एक कोरी वही द्यावी. "किती गोड!" असें लिहूं न देतां, आज तिनें काय केलें एवढेंच लिहावयास सांगावें. गोडी कोठें आहे हें वाचणाराला आपोआप कळेल.