सावकाराचा तह

चरित्र लिहिणारा चरित्रनायकाचा मित्र असावा कीं शत्रु, हा वाद जुना आहे. परंतु ज्याच्याशीं चरित्रनायकानें सौदा केला आणि त्या सौद्यांत ज्याचा मोठा लाभ झाला, त्यानेंच जर त्याचें चित्र रेखाटलें, तर तें कितपत प्रमाण मानावें? होळकरांचा कारभारी तात्या जोग याच्या बाबतींत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं मध्य हिंदुस्थानाविषयीं जो दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या कारभाऱ्याच्या कर्तबगारीची चांगलीच वाखाणणी आहे. मात्र मंदसोरच्या तहावर कंपनीच्या बाजूनें माल्कमनेंच सही केली होती, आणि होळकरांच्या बाजूनें तात्यानें, हें वाचकानें विसरतां कामा नये.

तात्या जोग म्हणजेच विठ्ठल महादेव किबे. धंदा सावकारीचा. असा पेढीवाला राजकारणांत कां शिरतो, याचें उत्तर त्याच्या महत्त्वाकांक्षेंत शोधण्यापेक्षां त्या काळच्या व्यवहारांत शोधावें. मराठेशाहीच्या उत्तरकाळांत फौजेचा पगार खजिन्यांतून क्वचितच वेळेवर निघे. सावकार रक्कम आगाऊ भरी आणि फेडीसाठीं परगण्यांच्या वसुलावर वराता घेई. ज्याच्या हातीं वरात, त्याच्या हातीं हळूहळू परगणाही येई. यशवंतराव होळकरांची बुद्धि १८०८ च्या सुमारास भ्रमली आणि १८११ त ते भानपुऱ्यास वारले. गादीवर अल्पवयी मल्हारराव, कारभार तुळसाबाईच्या हातीं, आणि पलटणींचा पगार तुंबलेला. पगारासाठीं शिपायांनीं धरणें धरावें आणि कारभाऱ्यानें जीव मुठींत धरावा, अशी ती स्थिति होती. बळाराम शेट नांवाचा कारभारी याच धुमाळींत मारला गेला. अशा दरबारांत सावकाराचें वजन वाढलें, यांत नवल नाहीं. शिल्लक किती आहे हें ठाऊक असलेला मनुष्य तेथें दुर्मिळ होता.

१८१७ सालीं इंग्रजांशीं समेट करावा, असें तात्याचें मत होतें. लष्करी सरदारांस त्याचा संशय आला आणि त्यांनीं त्यास अटकेंत टाकलें. २० डिसेंबर रोजीं क्षिप्रेच्या कांठीं तुळसाबाईचा शिरच्छेद झाला. दुसऱ्याच दिवशीं महिदपूर येथें होळकरांची फौज मोडली. तेव्हां ज्यांनीं त्यास कैद केलें होतें त्यांचा पक्ष निरुपाय झाला, आणि हा कैदी वकील म्हणून पुढें आला. ६ जानेवारी १८१८ रोजीं तह झाला.

पराभूतांच्या वकिलीचें उदाहरण म्हणून इंग्रजी शिकलेल्या वाचकांस व्हिएन्नाच्या परिषदेंतला तालेराँ चटकन् आठवेल. परंतु ही तुलना फार ताणूं नये. तालेराँच्या समोर चार विजेते होते आणि त्यांच्यांत परस्परांविषयीं मत्सर होता. तात्यासमोर विजेता एकच होता. अमीरखानानें आपली सोय आधींच वेगळी लावून घेतली होती. पुण्याचा पेशवा पळत होता. भेद करावा असें समोर कोणीच नव्हतें. म्हणून या वकिलीचें मोजमाप काय मिळविलें यावरून न करतां काय राखलें यावरून केलें पाहिजे. गादी राखली, माळव्यांतला मुलूख राखला. सोडलें तें असें : राजपूत राजांवरचे हक्क, परराज्यांशीं स्वतंत्र बोलणें करण्याचा अधिकार, आणि सेंधव्याच्या किल्ल्यासह सातपुड्याचा व त्याच्या दक्षिणेचा सगळा होळकरी मुलूख. या शेवटच्या कलमांत होळकरांचा खानदेश गेला.

येथें मला तटस्थ राहणें कठीण जातें, कारण मी सोनगीरचा. आमचें गांव आग्रा रस्त्यावर आहे. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज मागें टाकून त्या रस्त्यानें उत्तरेस निघावें, तापी ओलांडावी, म्हणजे उजव्या हातास थाळनेर राहतें. तसेंच पुढें गेल्यास सातपुड्यापलीकडे सेंधवा लागतो आणि अखेर इंदूर. तहाचीं कलमें जणू या एकाच रस्त्यावर मांडलेलीं आहेत. सेंधव्याचा किल्ला निमूटपणें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. थाळनेर मात्र लढलें. किल्ला खालीं न केल्यास बंडखोर समजूं, अशी जनरल हिस्लॉपची ताकीद असतांही किल्लेदार तुळशीराम मामा यानें तोफा डागल्या. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं दिंडी दरवाजाशीं बोलणें चाललें असतां चकमक होऊन दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आंतल्या सुमारें ३०० शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फांशीं दिलें. पुढल्या वर्षीं हिस्लॉपच्या आभाराचा ठराव पार्लमेंटपुढें आला, तेव्हां या फांशीविषयीं तेथेंही कुरकुर झाली. आपल्या धन्यानें जी जागा सात आठवड्यांपूर्वीं लिहून दिली होती, तिच्यासाठीं हा मनुष्य मेला.

तात्यास याचा दोष द्यावा काय? मला वाटतें, दोष द्यावा. पण हिशेब पाहून द्यावा. १८०२ सालीं यशवंतरावांच्याच फौजेनें खानदेश जाळला, लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, आणि मग पेंढाऱ्यांच्या धाडी. गांवें ओस पडलीं. वसुलाच्या दृष्टीनें हा मुलूख म्हणजे बुडीत खातें होतें, आणि मुद्दल वांचवायचें तर बुडीत खातें सोडून द्यावें, हा पेढीवरचा पहिला धडा. तात्यानें तोच गिरवला. सावकार म्हणून तो चुकला नाहीं. परंतु मुलूख म्हणजे नुसतें खातें नव्हे. ज्या कुळांचें खातें बंद होतें तीं मागें उरतात, आणि त्यांना कोणी विचारलेलें नसतें. तात्याच्या चातुर्याची मर्यादा मला येथें दिसते.

माल्कमला ती दिसली नाहीं, हें स्वाभाविक आहे. त्याच्या ग्रंथाची बांधणीच अशी, कीं आधीं अंदाधुंदी आणि मग इंग्रजांच्या छायेंत आलेली सुव्यवस्था. त्या बांधणींत तात्या हा उत्तम दाखला ठरतो : फौज कमी करणारा, वसूल वाढविणारा, इंदुरास राजधानी थाटणारा कारभारी. हें सर्व खरें आहे. १८२६ त तो वारला तेव्हां दौलतीची स्थिति महिदपूरच्या दिवसांहून कितीतरी बरी होती. पण राज्याचा धनको तोच राज्याचा कारभारी असतां दौलतीचा हिशेब आणि पेढीचा हिशेब यांमधली रेघ कोठें होती, हा प्रश्न माल्कम नेटानें विचारीत नाहीं. ज्याच्याशीं सौदा सुखानें पार पडला त्याच्या वह्या तपासण्याचें त्याला कारणच काय होतें?

तें कारण आपल्याला आहे. तात्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९२६ त, याच घराण्यांतले सरदार माधवराव किबे मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे हें घराणें मराठी वाङ्मयास परकें नाहीं. तरीही तलवार गाजविणाऱ्यांचीं चरित्रें आपण जितक्या हौसेनें लिहितों, तितक्या हौसेनें वही राखणाऱ्यांचीं लिहीत नाहीं. तात्या जोगाचें चरित्र मराठींत नव्यानें लिहिलें जावें आणि तें लिहिणारानें माल्कमच्या ग्रंथाबरोबर थाळनेरचा पडका बुरूजही पाहावा. इंदूर जमेच्या बाजूस मांडायचें तर थाळनेर खर्चाच्या बाजूस मांडलेंच पाहिजे. एवढी शिस्त खुद्द तात्यालाही मान्य झाली असती.