गगनविहाराच्या आठवणी

गेल्या कालाच्या विमानप्रवासाविषयीं हळहळीचें जें लेखन हल्लीं वाचावयास मिळतें, त्यांत एक उणीव मला जाणवते. तें बहुधा खिडकीजवळच्या आसनावरून लिहिलेलें असतें. जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूस टपाल आणलें, आणि १९८२ मध्यें, ७८ वर्षांचे असतांना, तेंच उड्डाण पुन्हां केलें. अशा स्मरणाचें मोल कोण नाकारील? परंतु जमिनीवर उभे राहून वर पाहणाऱ्यांचें काय?

१९४९ मध्यें रात्रीची विमान-टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. नकाशावर मुंबई-नागपूर सरळ रेषा ओढली, तर ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली-मेहकराच्या जवळून जाते. ज्यानें जन्मांत विमानाची पायरी चढली नाहीं, त्याचें पत्रहि आकाशमार्गानें जाऊं लागलें!

म्हणून विमान म्हणजे थाट आणि आदरातिथ्य, एवढीच आठवण जपणारें साहित्य मूठभरांचेंच राहतें. अंगणांतील बाजेवर पडून ताऱ्यांमधून सरकणारा दिवा न्याहाळणाऱ्याचें कुतूहल ज्या लेखनांत उतरेल, तेंच आपणां सर्वांचें म्हणतां येईल.