जुगाराचे कायदे आणि संमतीची रीत

मुंबईतील जुगारविषयक कायद्याचा इतिहास हा पाठलागाचा इतिहास होय. १८८७ चा अधिनियम मुख्यतः अड्ड्याच्या चार भिंती गृहीत धरून रचलेला. पावसावर सट्टा लागू लागला तेव्हा पाऊस, आणि कापसाच्या भावातील अंकांवर पैसे लागू लागले तेव्हा ते अंकही, कलमांत घालावे लागले. साठीच्या दशकात त्या अंकांची जागा मडक्याने घेतली, आणि परळ-लालबागच्या गिरणगावात मटक्याने अनेक संसार पोखरले. अड्ड्यात सापडलेला कामगार या कायद्यापुढे आरोपीच ठरे. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने मात्र खेळणाऱ्यास शिक्षा ठेवलेली नाही; ती खेळ चालविणाऱ्यास, जाहिरात करणाऱ्यास व पैशाची देवघेव करून देणाऱ्यास आहे. दृष्टीतील हा पालट स्वागतार्हच म्हटला पाहिजे. आक्षेप आहे तो कायदा संमत करण्याच्या रीतीवर.

येथे एका जुन्या प्रकरणाचे स्मरण उपयुक्त ठरते. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेची प्रवेशपत्रे व शुल्क मुंबई राज्यात गोळा होत. १९५२ च्या दुरुस्तीने मुंबई सरकारने अशा परराज्यातील पत्रांनाही कराच्या कक्षेत आणले. चमारबागवाला खटल्यात ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला: छपाई कोठेही होवो, पैसा जेथे गोळा होतो तेथील राज्याचा संबंध पुरेसा आहे. म्हणजे ‘सीमेपलीकडून येणारा जुगार राज्यास आवरता येत नाही’ हे आजचे विधान वाटते तितके स्वयंसिद्ध नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा अधिनियमाची. कोडी टपालाने जात, आणि टपाल हा केंद्राचा विषय. तरीही केंद्राने तो आधार घेतला नाही. जुगार राज्यसूचीत आहे हे मान्य करून, मुंबईसह अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ अन्वये ठराव केल्यावरच संसदेने कायदा केला. पुढे न्यायालयाने तो केवळ नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरता मर्यादित मानला व कौशल्याच्या स्पर्धा त्यातून वगळल्या.

२०२५ चे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी गदारोळात संमत झाले. २१ ला राज्यसभेने त्यास मान्यता दिली, २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. समितीकडे ते गेले नाही, राज्यांचे ठराव मागितले गेले नाहीत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपुरता कौशल्य आणि नशीब यांतील भेदही त्याने पुसून टाकला. (तो भेद पुसणे कदाचित योग्यही असेल, रमीच्या डावात भाडे घालविणाऱ्यास त्याचे सांत्वन फारसे नसते.) परंतु सत्तर वर्षांच्या न्यायविचाराला छेद देणाऱ्या तरतुदीस एका दिवसाचीही खरी चर्चा लाभू नये, हे समर्थनीय नाही. तारेवरून आला म्हणून जुगार राज्याच्या हातून निसटतो काय, हा प्रश्न सभागृहात सुटला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका आपल्याकडे वर्ग करून घेतल्या, आणि जो वाद विधिमंडळांत व्हावयाचा तो वकिलांच्या हाती गेला.