‘संत तुकाराम’ : चमत्कार आणि प्रत्यय

यंत्रयुगातील कलेत अध्यात्माला स्थान उरते काय, हा प्रश्न बहुधा केवळ तत्त्वचर्चेच्या पातळीवर मांडला जातो. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट त्याचा विचार प्रत्यक्ष कलाकृतीच्या आधारे करण्यास भाग पाडतो.

या बोलपटात चमत्कार पुष्कळ आहेत. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या परत मिळतात. अखेरीस वैकुंठाचे विमान येते. परंतु कॅमेऱ्याच्या युक्तीने कोणतेही आश्चर्य घडविता येते, हे जाणणाऱ्या प्रेक्षकाला अशा दृश्यांतून श्रद्धेचे प्रमाण मिळत नाही. अध्यात्माचा प्रत्यय येतो तो अन्यत्र : विष्णुपंत पागनीस यांच्या गायनातील सहजतेत आणि, त्याहूनही अधिक, गौरी यांनी साकारलेल्या जिजाईत. आजारी मुलाला ओढीत, हाती वहाण घेऊन देवळात शिरणारी ही स्त्री नास्तिक नव्हे. ज्याच्यावर रागवावे इतका देव तिला निकटचा आहे.

शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले, ही गोष्टही येथे लक्षणीय ठरते. परंपरा केवळ जुन्या शब्दांत नव्हे, तर आत्मसात केलेल्या लयीत व दृष्टीत जिवंत राहते, हे त्यावरून दिसते.

यंत्र भ्रम निर्माण करते, तसेच ते नित्याच्या संसाराकडे एकाग्रतेने पाहूही शकते. आधुनिक कलेतील अध्यात्म या दुसऱ्या सामर्थ्यावर अवलंबून आहे. विमान दिसेनासे झाल्यावरही जिजाई मनात रेंगाळते, ती यामुळेच.