सेवापुस्तकाच्या रकान्यांपलीकडे

निवृत्त खलाशी एकत्र भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कोणत्या बोटीवर होतास?” दुसरा प्रश्न सालाचा असतो आणि तिसरा सारंग किंवा बटलर कोण होता याचा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळली की दोन अनोळखी वृद्ध क्षणार्धात जुने सोबती होतात. मग बंदरे निघतात, वादळे निघतात, चिडखोर कप्तानाची फजिती निघते. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही तो तितक्याच आवडीने ऐकतो. कीर्तनाला जशी पूर्वरंग आणि उत्तररंग अशी बांधणी असते, तशी या बोलण्यालाही एक ठराविक बांधणी आहे. म्हणूनच त्याला केवळ गप्पा म्हणून सोडून न देता एक मौखिक वाङ्मयप्रकार मानावे आणि त्याची समीक्षा करावी, असे मला वाटते. या आठवणींना आदर पुष्कळ मिळाला आहे. पारख मात्र फारशी मिळालेली नाही.

या वाङ्मयाचे एक मोठे घर म्हणजे मुंबईतील गोमंतकीय कूड. एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातील एकेका गावाने मुंबईत आपापल्या माणसांसाठी क्लब उभारले. धोबीतलाव परिसरात, जेर महाल इमारतीत आणि आसपास, ते दाटीवाटीने वसले. एक लांब खोली, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या, गावाच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि संध्याकाळची जपमाळ, एवढा त्यांचा संसार. एका बोटीवरून उतरलेला आणि दुसऱ्या बोटीची वाट पाहणारा माणूस येथे अल्प भाड्यात राहू शकत असे. ही वाट पाहणे कधी महिनोन्‌महिने चाले. त्या रिकाम्या काळातच खलाशांच्या कथनाला आकार आला. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन अशा कंपन्यांच्या बोटींवर जेवणघराची आणि उतारूंच्या सेवेची कामे बहुतांशी गोव्याचे ख्रिस्ती लोक करीत; डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यांवरील खलाशी असत; इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्द प्रांतातील माणसे कोळसा ओढीत. जमाती वेगळ्या, धर्म वेगळे, चुलीही वेगळ्या. पण बोट एकच.

या एकाच बोटीने त्यांना एक भाषाही दिली. सारंग, टिंडेल, सुकाणी, कसाब, टोपास, भंडारी, आगवाला, तेलवाला, पाणीवाला ही केवळ हुद्द्यांची नावे नाहीत. फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज आणि आपल्या किनाऱ्यावरील बोली यांच्या मिश्रणातून घडलेली ती लष्करी भाषा होय. येथे लष्कर याचा अर्थ फौज असा नसून ‘लास्कर’, म्हणजे खलाशी असा आहे. या बोलीचे महत्त्व इतके होते की थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली तिचा कोशच सिद्ध केला. अलीकडे अमिताव घोष यांनी आपल्या इंग्रजी कादंबऱ्यांतून तिला पुन्हा जिवंत केले. निवृत्त खलाशांच्या बैठकीत हे शब्द आजही सहज तोंडी येतात. या आठवणींचा पहिला वाङ्मयीन गुण हाच : त्यांत वस्तूला तिचे खरे नाव आहे. ज्याने दोरखंड हातात धरला आहे, तो ‘दोरी’ असे मोघम बोलत नाही.

गुण मान्य केल्यावर उणिवेकडे वळले पाहिजे. त्यासाठी मी वाचकांचे लक्ष एका छोट्या पुस्तकाकडे वेधतो. प्रत्येक खलाशाजवळ ते असते. कार्यालयीन भाषेत त्याला कन्टिन्यूअस डिस्चार्ज सर्टिफिकेट म्हणतात. आपण त्याला सेवापुस्तक म्हणू. त्यात रकाने आखलेले असतात : बोटीचे नाव, तिचे वजन, कामावर रुजू झाल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, हुद्दा. शेवटी कामातील कौशल्य आणि वर्तणूक यांविषयीचा शेरा. तो बहुधा ‘व्हेरी गुड’ असतो. चाळीस वर्षांचे आयुष्य अशा काही पानांत मावते. आत्मचरित्राचा यापेक्षा संक्षिप्त नमुना मला माहीत नाही.

आता एखाद्या मेळाव्यातील आठवणी या रकान्यांशी ताडून पाहाव्यात. बोटीचे नाव? सांगितले जाते. साल? सांगितले जाते. बंदरे? क्रमवार, एकही न चुकता. सोबत्यांचे शेरे? सगळेच ‘व्हेरी गुड’. गंमतजंमत सोडली, तर बोलणे सेवापुस्तकाच्या चौकटीबाहेर फारसे जात नाही. कंपनीच्या कारकुनाला माणसाविषयी जेवढे जाणून घ्यायचे होते, तेवढेच माणूस स्वतःविषयी सांगत राहतो. हा या वाङ्मयप्रकाराचा मूलभूत दोष आहे आणि तो गंभीर आहे.

या चौकटीबाहेर काय राहते? पहिली गोष्ट, काम मिळविण्याची किंमत. दिनकर देसाई यांनी १९४० साली भारतातील जहाजी कामगारांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात दलाल, लाच आणि कर्ज यांच्या साखळीची चिकित्सा केली आहे. बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच पगार गहाण पडलेला असे. जुन्या आठवणींत कप्तानाचा रागीट स्वभाव येतो. सावकाराचे नाव सहसा येत नाही. दुसरी गोष्ट, भीती. वादळ सांगितले जाते, पण वादळात आपले हात कसे थरथरले हे क्वचितच सांगितले जाते. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घर. दहा-बारा महिने पती दूर असताना जिने म्हातारी माणसे, मुले, शेत आणि देणेकरी सांभाळले, ती पत्नी या कथनात नसतेच. सुटीवर आलेल्या बापाला न ओळखून आईच्या पदराआड लपणारे मूलही नसते. खलाशाच्या संसारात दोन प्रवास एकाच वेळी चालू होते. आपण आजवर त्यांपैकी एकाचीच नोंद ठेवली.

असे का होते? माणसे खोटे बोलतात म्हणून नव्हे. माझ्या मते कारण श्रोत्यात आहे. मेळाव्यातील श्रोता स्वतः बोटीवर होता. त्याला इंजिनखान्यातील उष्णता सांगावी लागत नाही, रात्रीच्या पाळीतील एकटेपणा समजावून द्यावा लागत नाही. ‘तुला माहीतच आहे’ या तीन शब्दांत सारे आटोपते. स्नेहासाठी हे तीन शब्द पुरतात; साहित्याला मात्र ते घातक ठरतात. जो तेथे नव्हता त्याला सांगावयाचे असते, तेव्हाच माणसाला प्रत्येक गोष्ट नव्याने पाहावी लागते.

याचा उत्तम दाखला आपल्या अगदी जवळ आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत लूकने पौलाच्या गलबताच्या अपघाताचे जे वर्णन केले आहे, ते केवळ धर्मकथा म्हणून वाचू नये. समुद्रावरील आठवण म्हणूनही वाचावे. गलबतावर २७६ माणसे होती हे तो सांगतो. पाण्याची खोली आधी वीस वाव आणि मग पंधरा वाव भरली हे सांगतो. वरामावरून चार नांगर टाकले हे सांगतो. येथवर तो खलाशांसारखाच नेमका आहे. पण तो तेथे थांबत नाही. नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशीच मचव्यातून पळून जाऊ पाहत होते, हेही तो लपवीत नाही. कित्येक दिवस कोणी जेवले नव्हते, पौलाने भाकर घेतली, देवाचे आभार मानून ती मोडली, आणि मग सर्वांना धीर आला, हेही तो नोंदवतो. त्याच्या कथनात भ्याडपणाला जागा आहे, भुकेलाही जागा आहे. लूकने हे लिहिले ते थियफिलासाठी, आणि थियफिल त्या गलबतावर नव्हता.

दुसरा दाखला आपल्या मराठी परंपरेतील. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. नोव्हेंबरात त्यांनी लंडनमधील आपल्या पित्याला पत्र लिहून हा प्रवास कळविला. वारा पडल्याने विषुववृत्ताजवळ खोळंबलेले गलबत, हिरड्या सुजविणारा आजार, अनोळखी मासे आणि पक्षी हे सारे त्या पत्रात आहे. पुढे १६१६ साली ज्यांचे महाकाव्य छापले गेले, त्यांच्या लेखणीने आधी पित्याला समुद्र समजावून सांगितला होता. घरी बसलेला माणूस डोळ्यांपुढे असला की लेखन किती तपशीलवार होते, याचा हा पुरावा होय.

आधुनिक मराठीत अनंत सामंत यांनी स्वतःच्या जहाजी अनुभवाच्या बळावर ‘एम. टी. आयवा मारू’सारखी कादंबरी लिहिली आणि किनाऱ्यावरून दिसणाऱ्या समुद्राला सरावलेल्या वाचकाला थेट बोटीवर नेले. तथापि भंडारी, टोपास, सलूनमधील पोऱ्या यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले गद्य मराठीत त्या मानाने अत्यल्प आहे. ही उणीव कादंबरीकाराने भरून काढावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ती घरातूनच भरून निघायला हवी.

उशीर झाला तर काय होते, हे ‘तिलावा’ बोटीवरून कळते. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. बोटीवरील ९५८ जणांपैकी २८० जण मरण पावले. तिच्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या. २०१७ साली त्या खोल समुद्रातून वर काढण्यात आल्या, त्यांच्या मालकीवरून दावा चालला आणि २०२४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. चांदीची वीट अन् वीट मोजली गेली. त्या बोटीवरील माणसांची कुटुंबे मात्र सामुदायिक स्मरणासाठी मुंबईत एकत्र आली ती २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला ऐंशी वर्षे झाल्यावर. तोवर बोलू शकणारे बहुतेक आवाज शांत झाले होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रातच अंत झालेल्या सुमारे ६,००० भारतीय व्यापारी खलाशांची नावे मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील खलाशीगृहातील स्मरणग्रंथात आहेत. नाव उरले हे थोडे नव्हे. पण नाव हाही पुन्हा एक रकानाच.

कोणी म्हणेल, हा प्रश्न वसई, रत्नागिरी आणि गोवा यांचा. बारामती तालुक्यातील लोणी भापकरसारख्या कोरडवाहू मुलखातील वाचकाला त्याचे काय? येथे पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव आणि टँकर. गावातील प्राचीन पुष्करणी आणि तेथील यज्ञवराहाचे शिल्प प्रसिद्ध आहे. ज्या वराहाच्या कथेत पृथ्वी जलातून वर येते, त्याला कोरणाऱ्या शिल्पकाराने समुद्र पाहिला होता की नव्हता, कोण जाणे! पण माझ्या युक्तिवादानुसार असा समुद्र न पाहिलेला मुलूखच या आठवणींचा खरा श्रोता आहे. लोणी भापकरच्या माणसाला ‘तुला माहीतच आहे’ असे म्हणता येत नाही. त्याला नांगर म्हटले की शेतातील नांगर आठवतो. बोटीचा नांगर त्याला समजावूनच द्यावा लागेल, आणि समजावून देताना सांगणाऱ्यालाही तो पुन्हा दिसेल.

शिवाय समुद्र आता एवढा दूर राहिलेला नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ इंदुरी येथे आणि लोणी काळभोर येथे जहाजी शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या आहेत. एका लोणीत मुले बोटीचे शिक्षण घेतात. दुसऱ्या लोणीतील मुलाने उद्या तेथे जाऊ नये असे थोडेच आहे? या नव्या पिढीच्या वाट्यालाही मौन येतेच. २०२० साली महामारीमुळे जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. खिशात फोन असला, तरी घरच्यांना काळजी नको म्हणून ‘मी बरा आहे’ एवढेच सांगितले जाते. तेही ‘व्हेरी गुड’चेच दुसरे रूप.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा समुद्रावरील माणसांसाठी प्रार्थना करते. प्रार्थनेबरोबर त्या दिवशी एक वही उघडावी. ज्यांच्या घरी निवृत्त खलाशी आहेत, त्यांनी बोटीचे नाव आणि साल विचारू नये. ते सेवापुस्तकात आहेच. पहिला पगार हाती आला तेव्हा त्यातून कोणाचे देणे फेडले, हे विचारावे. कोणत्या रात्री भीती वाटली आणि त्या रात्री काय जेवलात, हे विचारावे. मग त्याच वहीत समोरच्या पानावर घरातील आजीला विचारून लिहावे : त्या रात्री घरी चूल पेटली होती का?